अ‍ॅपवरून जपानी, जर्मन आणि स्पॅनिश एकदम शिकता येतील का? इंग्रजी कच्चं असेल तर?

तिन्ही शिकता येतील, पण एकदम सुरू करू नका. मी आधी जर्मन, मग जपानी शिकले, सध्या स्पॅनिश चालू आहे. ड्युओलिंगो आणि शब्दांची कार्डं पुन्हा पुन्हा दाखवणारं आंकी ही दोन अ‍ॅप वापरते. पहिली भाषा ए२ पातळीला, म्हणजे रोजचं साधं बोलणं जमेपर्यंत नेल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

इंग्रजी कच्चं असल्याची धास्ती मात्र मनातून काढून टाका. जपानीचंच बघा: 'वाताशी वा एकी दे होन ओ योमिमासु.' वाताशी म्हणजे मी, एकी स्टेशन, होन पुस्तक, योमिमासु वाचते. 'दे' आपल्या 'वर'सारखा नामाच्या मागून येतो. 'मी स्टेशनवर पुस्तक वाचते', क्रमसुद्धा तोच! अ‍ॅप हेच वाक्य इंग्रजीतून समजावतं आणि आपण उगाच दोनदा उलटापालट करत बसतो. म्हणून मी वहीत प्रत्येक नव्या वाक्यापुढे फक्त मराठी अर्थ लिहिते.

जर्मनची तीन लिंगंही आपल्याला नवी नाहीत. फक्त ती मराठीशी जुळतीलच असं नाही: तिकडे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. तेव्हा आंकीच्या कार्डावर नुसतं 'मेसर' (सुरी) नको, नपुंसकलिंग दाखवणाऱ्या 'दास'सकट 'दास मेसर' लिहा. शब्द विसरायला होतो त्याच सुमारास कार्ड पुन्हा समोर येतं, हे या अ‍ॅपचं खरं बळ. अँड्रॉइडवर ते फुकट आहे.

ड्युओलिंगोवर खाली दिलेले शब्द जुळवण्यापेक्षा, जिथे सोय असेल तिथे स्वतः टाइप करा. समोर दिसलेला शब्द ओळखणं वेगळं आणि रिकाम्या जागी तो आठवणं वेगळं. रात्री झोपताना घाईत एक धडा उरकला की अ‍ॅपवरचा सलग दिवसांचा आकडा वाढतो, भाषा तिथेच राहते.

बोलणं अ‍ॅपवर पुरेसं होत नाही, हे मी अगदी ठामपणे सांगेन. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मनच्या ए१, म्हणजे पहिल्या पातळीच्या परीक्षेत समोरचा परीक्षार्थी कार्डावरचा शब्द बघून तुम्हाला प्रश्न विचारतो आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. त्यासाठी माणूसच हवा. पुण्यात असाल तर मॅक्स म्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटचे वर्ग बघा. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पण तिच्यात तोंडी भागच नाही. तोंड न उघडताही एन५, म्हणजे तिची सगळ्यात सोपी पातळी पास होता येतं, म्हणून जपानी बोलायचा सराव मुद्दाम जास्त करा.

नोकरीसाठी जपानी हवी असेल, तर तीच पहिली घ्या. हिरागाना या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरं हाताने गिरवा आणि ती बसली की रोमन लिपीतलं जपानी वाचणं बंद करा. मग जर्मन. स्पॅनिशचा उच्चार बराचसा लिहिल्याप्रमाणे होतो, ती शेवटी घेतलीत तरी चालेल.