लॉनचा खरा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही

नमस्कार बाई,

चौतीस वर्षं शाळेत शिकवलंत म्हणून लिहिलंय, तेव्हा मीही बाईच म्हणतो.

वाचणाऱ्यांसाठी तुमचं पत्र थोडक्यात सांगतो. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात सासऱ्यांनी बांधलेलं घर. समोर पंधराशे चौरस फूट मोकळी जागा, तिथे आज दोन माड, एक तुळस आणि बाकी रान. डिसेंबरात मुलाचं लग्न. पुण्याहून येऊन त्याने एका लँडस्केपवाल्याला जागा दाखवली. मेक्सिकन लॉन, फायकसचे कापून गोल केलेले गोळे, बॉटल पाम, पांढरे खडे आणि स्प्रिंकलर असं सगळं मिळून ३,८०,००० रुपये अधिक जीएसटी, आणि देखभालीचे महिना ६,५००. भाचीचं म्हणणं वेगळं. ती सांगते आबोली, लोखंडी, करवंद, भिरंड (कोकम), सुरंगी अशी इथलीच झाडं लावा, ९५,००० मध्ये होईल. तुमच्याकडे पेन्शन आहे, पोस्टात सीनियर सिटिझन खात्यात १५ लाख आहेत. विचारलंत, "ते खातं मोडून लॉन करू का? कंत्राटदार म्हणतो घराची किंमत वाढेल, खर्च नको समजू, गुंतवणूक समज."

खातं मोडू नका. आता कारणं सांगतो.

त्या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत. साडेचार लाख हवे असले तरी १५ लाखांचं खातं पूर्ण बंद करावं लागतं. तुम्ही ते २०२३ च्या सप्टेंबरात उघडलंत, दोन वर्षं उलटली आहेत, म्हणजे मुद्दलातून एक टक्का, १५,००० रुपये, कापले जातील. तुम्हाला मिळालेला ८.२ टक्के दर पाच वर्षांसाठी बांधलेला आहे. उरलेले पैसे नव्या खात्यात टाकलेत तर त्या दिवशी सरकारचा जो दर असेल तो घ्यावा लागेल. हातातला पक्का दर सोडून गवत विकत घ्यायचं, हा व्यवहार मला कुठल्याच बाजूने जमत नाही.

आता कोटेशन पाहू. ३,८०,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की ४,४८,४०० होतात. नर्सरीतून तुम्ही स्वतः रोपं घेतलीत तर त्यांवर जीएसटी नसतो. रोपं, माती, मजुरी सगळं एका कंत्राटात बांधलं की रोपांसकट पूर्ण रकमेवर कर लागतो. ही एकच गोष्ट कंत्राटदाराला विचारून बघा, तो काय उत्तर देतो ते ऐकण्यासारखं असेल.

पण माझी मुख्य तक्रार या साडेचार लाखांविषयी नाही. ते एकदाचे जातात, दुखतं आणि विसरतं. दुखणं आहे ते ६,५०० चं. तुमच्या खात्याचं व्याज तिमाहीला ३०,७५० येतं. देखभालीचे तीन महिन्यांचे झाले १९,५००. म्हणजे आयुष्यभराच्या बचतीच्या व्याजातला जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा दर तिमाहीला गवत कापायला जाणार. वर्षाचे ७८,०००, दहा वर्षांचे, एक रुपयाही वाढ न धरता, ७,८०,०००. मूळ खर्च मिळवला की सव्वाबारा लाखांच्या वर. मजुरी दहा वर्षं तशीच राहील असं तुम्हालाही वाटत नसेल.

यात पाणी धरलेलंच नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. नंतरचे सात महिने लॉन तुमच्या विहिरीवर जगणार. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पंधराशे चौरस फूट म्हणजे १३९ चौरस मीटर. दिवसाला सरासरी चार मिलिमीटर धरा, मे महिन्यात त्याहून जास्तच लागतं. रोजचे ५५६ लिटर, नोव्हेंबर ते मे या २१२ दिवसांचे सुमारे १,१८,००० लिटर. दहा हजार लिटरचे टँकर मोजले तर बारा. तुम्ही लिहिलंत की एप्रिलअखेर विहिरीत तळाची दोन कडी दिसतात. नळाला ओपाच्या सरकारी प्रकल्पाचं पाणी आहे, पण त्याचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. ते पाणी माणसांनी प्यायला ठेवा.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या घरापुढे जेमतेम तीनशे चौरस फुटांचं लॉन होतं, हौसेनं केलेलं. दुसऱ्या मे महिन्यात एका संध्याकाळी पाइप धरून उभा होतो तेव्हा पंप एकदम घरघरला, पाइप हातात दोनदा उडाला आणि त्यातून नुसती हवा आली. त्या दिवशी आईने न्हाणीतल्या बादलीत राखून ठेवलेलं पाणी भांड्यांना वापरलं आणि मला काहीच बोलली नाही. ते मला जास्त लागलं. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. गवत आठवड्याला वीतभर वाढायचं, खाली पाणी साचून बुरशीचे पिवळे गोल चट्टे पडायचे. तिसऱ्या वर्षी मी नाद सोडला, आणि कडेने रानमोडीचं तण आत शिरलं ते काढायला दोन पावसाळे गेले.

म्हणून भाचीच्या बाजूने मन झुकतं. पण तिचाही हिशेब मी जसाच्या तसा मान्य करणार नाही.

"इथली झाडं लावली की काही करावं लागत नाही" हे खरं नाही. पहिली दोन वर्षं करावं लागतं, आणि बरंच. उघडी माती दिसली की रानमोडी आणि घाणेरी हजर. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा तरी पाणी हवं, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर हवा. जांभ्याच्या कातळावर खड्डा मारायला मजूर दिवसाला किती खड्डे करतो ते गावात विचारा, कोटेशनमधले आकडे बदलतील. तिच्या ९५,००० मध्ये मी पहिली दोन वर्षं निंदणी-पाण्याचे २४,००० वर्षाला आणि पुढे १२,००० वर्षाला मिळवतो. दहा वर्षांचे २,३९,०००. लॉनपेक्षा जवळजवळ दहा लाख कमी. माझा आकडा वीस-पंचवीस टक्के चुकला तरी निकाल फिरत नाही.

उत्पन्नाची स्वप्नं मात्र कोणी दाखवली तर हसा. भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. लावायचीच तर मादी झाडाची कलमं घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या जाती आहेत. जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथेही चौकशी करा. दोन कलमांतून घरच्या वर्षाच्या सोलांची सोय होईल, तेवढंच. सुरंगीचे वळेसर (गजरे) महाग असतात खरे, पण झाड सावकाश वाढतं आणि फुलं काढायला चढणारा माणूस लागतो. ती तुमच्यासाठी लावा, बाजारासाठी नको.

माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छताची, गोष्ट वेगळी. चवथीच्या आदल्या बाजारात कवंडळ, कांगलां, माट्टीची फळं यांचे भाव तुम्ही दरवर्षी ऐकताच. आमच्या आईने कुंपणावर कवंडळाची वेल चढू दिली आहे. चवथीच्या आधल्या सकाळी ती काठीने तीन-चार लालभडक फळं पाडते आणि पोरांना दर वेळी बजावते की तोंडात घालू नका, विषारी आहे. वाचतात किती, पाच-सातशे रुपये. पण लॉनवाल्याच्या कोटेशनमध्ये असली एकही वस्तू नाही, जी तुमच्या घरात वर्षातून एकदा तरी हातात घेतली जाईल.

एक मात्र सांभाळा. भाची उत्साहात आहे, ती "शंभर टक्के देशी"चा आग्रह धरेल. धरू देऊ नका. काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांनी आणला, देवळापुढचा चाफा मूळ अमेरिकेतला, आणि आपण दोघांनाही परके म्हणत नाही. प्रश्न पाणी, मजुरी आणि विहिरीचा आहे, जातकुळीचा नाही. बोगनवेल हवी असेल तर लावा. तिला पाणी कमीच लागतं.

मोठ्या झाडांचं अंतर आधी ठरवा. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. वाढलेलं झाड पुढे तोडायचं म्हटलं तर वन खात्याची परवानगी लागते. भिंतीला किंवा विहिरीला लागून लावलेलं झाड वीस वर्षांनी मुलाच्या डोक्याला ताप होईल. फायकसचंही तेच, त्याची मुळं विहिरीच्या बांधकामात शिरतात, म्हणून ते गोळे तर बिलकूल नकोत. आणि घराच्या भिंतीपासून दोनेक मीटर जागा मोकळी, झाडलेली ठेवा. संध्याकाळी पायरीवर बसताना सापाची भीती नको.

मुलाचं काय? त्याला लग्नाच्या फोटोंत हिरवं अंगण हवं आहे, आणि ही इच्छा मला क्षुल्लक वाटत नाही. तुळशीपुढे तीनशे चौरस फूट हिरवळ करा, पण दूर्वांची. लँडस्केपवाले ज्याला बर्म्युडा म्हणून विकतात ती हीच आपली हरळी. डिसेंबरपर्यंत रोज शंभर-सव्वाशे लिटर पाण्यात ती हिरवी राहील. लग्न झालं की पाणी तोडा, एप्रिलात पिवळी पडू दे; मुळं जिवंत असतात, जूनच्या पहिल्या पावसात परत येते. शिवाय गणपतीला दूर्वा शोधत फिरायला नको. बाकीच्या जागेवर लग्नाच्या दिवशी मांडव आणि भाड्याच्या चटया येणारच आहेत. पाचशे माणसांच्या पायांखाली मेक्सिकन लॉन काय आणि माती काय.

भाचीचे ९५,००० एकदम घालू नका. आत्ता फक्त दूर्वा आणि आबोली, पंधरा हजारांच्या आत. बाकीचे खड्डे मे महिन्यात, रोपं पुढच्या जूनमध्ये, आणि पैसे मधल्या तीन तिमाह्यांच्या व्याजातून. मुद्दलाला हात लागत नाही आणि पहिल्या वर्षाचं अर्धं पाणी पाऊस घालतो.

आता राहिला "घराची किंमत वाढेल" हा मुद्दा. तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे: एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) अजून सासऱ्यांचंच नाव आहे आणि धाकटे दीर मुंबईत असतात. बाई, सगळ्या पत्रातलं हेच वाक्य मला पैशांच्या दृष्टीने सर्वांत महाग वाटलं. गिऱ्हाईक गोव्यात जमीन बघायला येतं तेव्हा आधी उतारा मागतं, सनद (बिगरशेती परवानगीचा कागद) मागतं, रस्ता आणि पाणी बघतं. हिरवळ बघून खूश होतो तो लग्नाला आलेला पाहुणा. सासऱ्यांच्या मागे वारसांची वाटणी झालेली नाही, म्हणजे त्या अंगणात दिरांचाही वाटा आहे. आज तुम्ही साडेचार लाख घालाल ते न वाटलेल्या जमिनीत. दीर भले आहेत असं तुम्ही लिहिलंत, आणि म्हणूनच हे काम आत्ता करायचं. संबंध चांगले असताना कोर्टातली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणी, संमतीने पार पडते. पुढच्या पिढीत चुलत भाऊ एकमेकांना ओळखतही नसतात.

लॉनसाठी पैसे काढायला तयार होतात ना? मग त्यातला एक हिस्सा वकिलाच्या फीसाठी बाजूला ठेवा. दीर लग्नाला येणारच आहेत. मांडवात हा विषय काढू नका, पण पूजा उरकल्यावर एक सकाळ त्यांना थांबवून घ्या. त्याआधी फोंड्यातल्या एखाद्या वकिलाला भेटून कुठले कागद लागतील ते विचारून ठेवा: सासू-सासऱ्यांचे आणि यजमानांचे मृत्यूचे दाखले, लग्नाच्या नोंदी, घरपट्टीच्या पावत्या.

आणि मला एक-चौदाच्या उताऱ्याचा फोटो पाठवा. 'इतर हक्क' हा रकाना स्पष्ट दिसेल असा काढा. मागच्या महिन्यात एकांनी पाठवला होता, घडी नेमकी त्याच ओळीवर पडली होती.