प्रोसेसर थेट पॉवर्ड स्पीकरला लावला की गिटार टोचते. ईक्यू (खालचा-मधला-वरचा आवाज कमी-जास्त करणं) नेमका कुठे करायचा?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण तेच मला झोंबलं. गिटारच्या प्रोसेसरवर (ॲम्प आणि इफेक्ट्सची नक्कल करणारा डबा) बनवलेले, घरी हेडफोनवर मस्त वाटणारे टोन हॉलमध्ये पॉवर्ड पीए स्पीकरवर (ज्यात ॲम्प आतच असतो असा हॉलचा स्पीकर) वरून टोचतात, खालून गदगदतात, म्हणून ‘प्रोसेसर विकून सरळ ट्यूब ॲम्प घेऊ का?’ असं तुम्ही विचारलंय. अजिबात घेऊ नका. हा सल्ला ज्याने दिलाय त्याने पॉवर्ड स्पीकरच्या मागे जाऊन कधी बघितलेलं नसणार.

स्पीकरमध्ये काही बिघाड नाही. गिटार कॅबिनेटमधला (गिटार ॲम्पच्या स्पीकरच्या खोक्यातला) 12 इंची स्पीकर साधारण 70 ते 5000 हर्ट्झ एवढाच वाजतो. सेलेस्टियनचा व्हिंटेज 30 घ्या नाहीतर ग्रीनबॅक, 5 किलोहर्ट्झच्या वर आवाज धाडकन खाली येतो आणि डिस्टॉर्शनमधली चरचर तिथेच गळून जाते. पीए स्पीकरला वरच्या आवाजासाठी वेगळा हॉर्न असतो. तो 18-20 किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि प्रोसेसरने दिलं ते सगळं ऐकवतो. कॅब सिम्युलेशन (प्रोसेसरमधली कॅबिनेटची नक्कल) तुम्ही चालू ठेवलं असेल असं धरतो, पण त्यामागचा आयआर, म्हणजे माइक लावून घेतलेला खऱ्या कॅबिनेटचा ठसा, घेताना माइक स्पीकरच्या कापडाला जवळजवळ चिकटलेला असतो. त्यात एसएम57 सारख्या माइकला 5-6 किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःचाच उठाव आहे.

दुसरं कारण आपले कान. 1933 मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून मांडलं: आवाज हळू असला की कानाला बेस आणि अगदी वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो, आवाज वाढला की दोन्ही भरून येतात. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात टोन बनवला की आपण बेस आणि ट्रेबल दोन्ही चढवून ठेवतो. तोच टोन स्टेजच्या आवाजाला लावला की तुम्ही लिहिलंय तेच होतं. म्हणून टोन कार्यक्रमाच्या आवाजातच बनवायचा. दुपारी अर्धा तास हॉल मिळवा, शेजाऱ्यांची परवानगी काढा, काहीही करा.

आता आमच्या ऑर्केस्ट्रातली गोष्ट सांगतो. ठाण्यात एका सोसायटीचा कोजागिरीचा कार्यक्रम होता. आमच्यात एक ज्येष्ठ गिटारिस्ट आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. हात सोन्याचा, पण प्रोसेसर म्हटला की त्यांचं डोकं फिरतं. ‘या डब्यात जीव नाही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते नेहमी सगळ्यांसमोर. त्या दिवशी साउंडचेकला मी पहिली कॉर्ड वाजवली आणि आवाज खरंच घाणेरडा आला. खाली नुसता गदारोळ, वर पत्र्यासारखी किरकिर. दादा कीबोर्डवाल्याकडे वळून म्हणाले, ‘बघ, सांगत होतो ना.’

हाच पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेला टोन) आदल्या रविवारी तालमीत, तेवढ्याच आवाजात, उत्तम वाजला होता. म्हणजे बदललं होतं ते फक्त स्पीकरचं टोक. मी स्पीकरच्या मागे गेलो. साउंडवाल्याने तो स्टेजच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, थेट जमिनीवर ठेवला होता. मागच्या पॅनलवर मोडचं बटण होतं आणि दिवा ‘डीजे’वर जळत होता. डीजे मोड म्हणजे खालचं वरचं दोन्ही फुगवलेलं, मधलं खाल्लेलं. गिटार राहते मधल्यात. त्यात कोपऱ्यातली जमीन आणि दोन भिंती मिळून बेस आणखी वाढवतात, तो भाग निराळाच.

साउंडवाल्याला म्हटलं, भाऊ, हा फ्लॅटवर घ्या. तो म्हणाला, सगळे कलाकार यावरच वाजवतात, कुणाची तक्रार नाही. मी म्हटलं, माझी आहे. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी आयोजकांपैकी एक काका मध्ये पडले, बटण फ्लॅटवर आलं, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढला आणि चहाच्या ग्लासांच्या दोन रिकाम्या क्रेटवर चढवला. प्रोसेसरच्या एकाही नॉबला मी हात लावला नव्हता, तरी निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेलं काम ईक्यूचं. ढोलकीवाल्याला आणि बेसवाल्याला म्हटलं, जरा पूर्ण आवाजात एक लावणी धरा. ते वाजवत असताना लो कट (ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर) हळूहळू वर नेला. ढोलकीची धुम मोकळी ऐकू यायला लागली तिथे थांबलो, 110 हर्ट्झच्या जवळ. गिटारची जाडी ई तार 82 हर्ट्झला आहे, मग तिचा बेस का कापायचा, असं लोक विचारतात. आपल्या ऑर्केस्ट्रात खालची जागा बेस गिटार, ढोलकी, ऑक्टापॅड आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात यांनी आधीच भरलेली असते. गिटारने तिथे जाऊन फक्त चिखल होतो. मग हाय कट (तसाच, पण वरचं कापणारा) वरून खाली आणला. लीडच्या लांबवलेल्या सुरावरची किरकिर गेली आणि पिकची टोच शिल्लक राहिली, ती जागा 6 किलोहर्ट्झच्या आसपास सापडली. क्लीन टोनला मी 8 पर्यंत मोकळं ठेवतो, नाहीतर आर्पेजिओ (कॉर्डचे एकेक करून वाजवलेले सूर) मेल्यासारखे वाटतात. मग 250-300 हर्ट्झला थोडा कट, दोन-तीन डेसिबल, त्याहून जास्त नाही. 3 किलोहर्ट्झच्या आसपास कान दुखत असेल तर तिथे अरुंद कट. बूस्ट कुठेच नाही. हे छोटे कट सोडले तर मिड (मधला आवाज) मुळीच कापू नका. घरी एकट्याने वाजवताना मिड कापलेला टोन भारी वाटतो, पण बँडमध्ये तो गिटारिस्ट दिसतो, ऐकू येत नाही.

लीड संपल्यावर दादा म्हणाले, ‘आता बरा आहे, पण ॲम्पसारखा नाही.’ त्या दिवशी कार्यक्रम तोंडावर होता म्हणून गप्प बसलो. इथे बोलतो. दादा, तुमच्या ॲम्पसमोरही साउंडवाला माइकच लावायचा. मोठ्या हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या माणसाने तुमचा ॲम्प नुसता असा कधी ऐकलाच नाही, त्याने ऐकला तो माइकमधून पीएवर आलेला आवाज, म्हणजे आज माझ्या प्रोसेसरमधून निघतो तोच प्रकार. ॲम्पसमोर उभं राहून पँटला जी हवा लागते ती सुखाची गोष्ट आहे, मलाही आवडते. पण ती वाजवणाऱ्याची आहे, तिकीट काढून आलेल्याची नाही. आणि तो ॲम्प, कॅबिनेटसकट, लोकलमधून कोण नेणार?

काही गोष्टी राहिल्या. वर दिलेले आकडे माझ्या आयआरचे आहेत, तुमच्या आयआरमध्ये आधीच कट असेल तर दुप्पट कापू नका. ईक्यू करताना कान हॉर्नच्या उंचीला येईल असं त्याच्या समोर राहून ऐका, बाजूला उभं राहून केलेला ईक्यू हॉलमध्ये टोचतो. स्टेजवरच्या स्पीकरसाठी केलेला ईक्यू मुख्य साउंडला पाठवायचा नाही. लाइन 6 च्या हेलिक्स प्रोसेसरमध्ये ग्लोबल ईक्यू (सगळ्या पॅचना एकदम लागणारा) हवा तर एकट्या पाव इंची आउटपुटलाच लावता येतो, म्हणजे एक्सएलआरने मिक्सरला साधा सिग्नल जातो आणि तुमचा स्पीकर तुमच्या मनासारखा राहतो. तुमच्या प्रोसेसरमध्ये अशी सोय आहे का बघा. खोलीचा दोष ग्लोबलमध्ये काढा, टोनचा दोष पॅचमध्ये. मिक्सरवाल्याला तुमच्या चॅनेलचं 48 व्होल्टचं बटण (माइकला वीज देणारी फँटम पॉवर) बंद ठेवायला सांगा. स्पीकरवर माइक-लाइनचं बटण असेल तर ते लाइनवर हवं.

पॉवर्ड स्पीकर 10 इंची की 12 इंची म्हणाल तर 12 घ्या. मात्र दुकानात गाणी लावून ऐकू नका, स्वतःचा प्रोसेसर घेऊन जा, मोड फ्लॅटवर ठेवा आणि दुकानदार ‘बास’ म्हणेपर्यंत आवाज चढवून लीड वाजवा.