जुन्या सामानात लाकडाच्या दोन सरकत्या पट्ट्या आणि टोकाला जाड सुई असलेलं हत्यार सापडलं. गालिच्याचं असावं असं म्हणतात. हे नक्की काय आहे आणि वापरता येईल का?

‘लाकडाच्या दोन सरकत्या पट्ट्या’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून हा शटल हुकर वाटतो, म्हणजे ताणलेल्या कापडात धाग्याचे लूप (फासे) भरत गालिचा करायचं हातयंत्र. खात्री करायला टोकं बघा. एका पट्टीला नेढं असलेली सुई आणि दुसरीला बोथट पातं असेल, तर शंका उरत नाही. नुसत्या मुठीला आकडा असता तर तो कापडाच्या वरून लूप उपसायचा साधा हुक. आकड्याला उघडझाप करणारी जीभ असती तर तो धाग्याचे तुकडे जाळीवर गाठवायचा. आणि जड दातांची फणी असती, तर ती मागावर गाठी ठोकून बसवायची.

अमेरिकेत गोणपाटावर गालिचे करायची घरोघरी हौस होती, तेव्हा १८८०च्या दशकात अशा हातयंत्रांची पेटंटं निघाली. धातूवर पेटंटची तारीख कोरलेली असेल तर तुमचं हत्यार त्याआधीचं नाही, एवढंच ती सांगते. तेच मॉडेल पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलेलं असू शकतं.

वापरता नक्की येईल, आणि वापराच! आधी सुईवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तिथे गंजाची खरखर आहे. अगदी बारीक स्टील वूलला थेंबभर तेल लावून ती घासा आणि तेल पुसून काढा, नाहीतर धाग्याला डाग पडतील. लाकडाला मात्र पॉलिशपेपर लावू नका. अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेली ती जागा परत मिळणार नाही.

गोणपाट चौकटीवर असं ताणा की टिचकी मारल्यावर डफासारखं वाजेल. दोन्ही हातांत एकेक पट्टी धरा. सुई दाबली की धागा पलीकडे जातो. ती वर घेताना दुसरी पट्टी दाबायची. तिचं पातं भोकात शिरून लूप धरून ठेवतं, म्हणून सुईबरोबर धागा परत येत नाही. मग सुई जरा पुढे पडते. हात बसला की हत्यार कापडावर अक्षरशः पावलं टाकत चालतं, आणि ते बघायला मला अजूनही फार आवडतं.

लूप पलीकडच्या बाजूला पडतात, म्हणून नक्षीत अक्षरं असतील तर ती उलटी काढा. लूप टिकत नसतील तर हत्याराला दोष देण्याआधी धाग्याचा गुंडा बघा, बहुतेक वेळा धागा तिथेच ताणलेला असतो. तो हातभर सैल सोडून ठेवा.

पहिल्याच दिवशी नक्षी नको. वीतभर जागेत सरळ पाच-सहा ओळी मारा आणि चौकट उलटून लूपांची उंची बघा. एखादी ओळ बिघडली तर उपसा, तोच धागा परत चालतो.