त्यांना सभासद करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका

ताई, तुमच्या तालुक्याच्या महिला संघटनेत एका ट्रान्स स्त्रीने सभासदत्वासाठी अर्ज दिलाय आणि त्यावरून कार्यकारिणीत दोन तट पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. विरोध करणाऱ्या म्हणतात की त्या मुलगा म्हणून वाढल्या, निवासी शिबिरात त्यांची झोपायची सोय कुठे करायची, आणि त्यांच्या प्रश्नांच्या गडबडीत आपले प्रश्न मागे पडतील. मी पश्चिम महाराष्ट्रात बरीच वर्षं हेच काम करतेय आणि हा वाद आमच्याकडेही होऊन गेलाय. त्यांना सभासद करून घ्या, हे माझं स्पष्ट मत. उपकार म्हणून नव्हे. त्यांना बाहेर ठेवलं तर आपलंच काम अर्धवट राहतं.

आपली चळवळ कुठून सुरू झाली, ते बैठकीत एकदा सगळ्यांना आठवून द्या. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. अंगावर जखमा नाहीत, याला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. ठाण्यात जिचं कुणी खरं मानत नाही, तिच्या बाजूने उभं राहायचं, हा आपल्या कामाचा पाया आहे. 2004 साली बंगळुरूत कोकिला या हिजडा स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला, आणि मदत करायची सोडून पोलिसांनी ठाण्यात नेऊन तिचाच छळ केला. या दोघींना वेगळ्या रांगेत उभं करायला मला तरी कारण सापडत नाही.

आमच्याकडचंच सांगते. मंगतीला, म्हणजे दुकानादुकानातून पैसे मागायला, गेलेल्या एका ट्रान्स स्त्रीला बाजारात दोघातिघांनी मारलं, साडी ओढली. आम्ही तिला घेऊन ठाण्यात गेलो. तक्रारदार तीच आणि झडतीही तिचीच घ्यायची म्हणे. महिला पोलीस हात लावायला तयार नाही, पुरुष पोलिसाने हात लावू नये म्हणून आम्ही मध्ये उभ्या. ठाणे अंमलदार सारखे एकच विचारत होते, "पण मॅडम, कलम कुठलं लावू?" तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि टेबलावर चर्चा चालली होती ती स्त्री की पुरुष याची. त्या रात्रीनंतर आमच्या गटातल्या विरोध करणाऱ्या दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

अंमलदारांच्या त्या प्रश्नामागे कायद्यातली खरी उणीव आहे. 2013 मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर, बलात्काराचा कायदा बदलला, तेव्हा आरोपी पुरुष पण पीडित व्यक्ती कोणत्याही लिंगाची असू शकते, अशी व्याख्या करा, ही मागणी अनेक स्त्री संघटनांनीही केली होती. ती मान्य झाली नाही, बलात्काराच्या कलमात पीडित स्त्रीच राहिली. बलात्काराला आज किमान 10 वर्षं शिक्षा आहे. 2019 साली संसदेने तृतीयपंथीयांसाठी कायदा केला, त्यात मात्र त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली. ही तफावत कुणी दाखवून द्यायची? कलमं, जबाब, वैद्यकीय तपासणी यांत आपली हयात गेली. हे काम आपल्यालाच येतं.

आणि आपले प्रश्न मागे पडतील म्हणणाऱ्यांना मार्च 2023 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सांगा. लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका ट्रान्स स्त्रीला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागता येते, असं न्या. अमित बोरकर यांनी ठरवलं. तो 2005 चा कायदा आपण भांडून मिळवलेला. त्यात आणखी एकीला आसरा मिळाला, म्हणून आपल्यातल्या कुणाचा गेला? कुणाचाच नाही.

जिथे जागाच मोजक्या असतात तिथे प्रश्न थोडा अवघड होतो, हे मी मान्य करते. मध्य प्रदेशातल्या कटनीत स्त्रियांसाठी राखीव असलेल्या महापौरपदावर कमला जान निवडून आल्या, पण त्या पुरुष आहेत असं ठरवून न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. पुढे 2014 मध्ये नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही असंही सांगितलं. मग जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीत अंजली गुरू संजना जान यांचा स्त्री-राखीव जागेचा अर्ज बाद झाला, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांना उभं राहू दिलं. गावाने त्यांना निवडूनही दिलं. नोकऱ्यांच्या बाबतीत मला ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित ट्रान्स कार्यकर्त्यांची मागणी पटते. ट्रान्स व्यक्तींना समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक जातप्रवर्गाच्या जागांमध्येच वेगळा वाटा, द्या, म्हणजे ना जात पुसली जाते, ना स्त्रियांच्या जागांवरून भांडण होतं. कर्नाटकने 2021 मध्ये तसं एक टक्का दिलंय.

"मुलगा म्हणून वाढली" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. चालण्यावरून मार, शाळेत छळ, तेराव्या-चौदाव्या वर्षी घराबाहेर. मुलगेपणाचे कुठले लाड झाले यात? अर्थात सगळ्यांचं आयुष्य असं नसतं. कुणी शिकून, नोकरीला लागून नंतर मोकळेपणाने जगायला लागतं. म्हणून आधी दुःख सांग, मग सभासद हो, अशी परीक्षाही घेऊ नका. आपण इतर कुणाची घेतो का?

शिबिराचं म्हणाल तर त्यात फार काही नाही. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून आपण झोपतो, तशाच त्याही झोपतील. न्हाणीघराला आतून कडी लागते की नाही ते बघा, कपडे बदलायला आडोसा करा. हे सगळ्यांनाच हवं असतं, आपणच कधी लक्ष देत नाही. एखादीने खूप सोसलेलं असेल आणि तिला अवघड वाटत असेल, तर तिच्याशी स्वतंत्र बोला, तिला गप्प करू नका. पण तिची भीती हा अर्ज नाकारायचा आधार होऊ शकत नाही. वागण्याचे नियम सगळ्यांना सारखे ठेवा.

स्त्री म्हणजे जन्माने स्त्री, या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2025 च्या निकालाचा दाखला कुणी देईलच. तो त्यांच्या समानता कायद्यातल्या व्याख्येपुरता आहे, तुमच्या संघटनेला लागू नाही. आपल्याकडे 2006 च्या कोलकाता परिषदेच्या वेळीच स्वायत्त स्त्री चळवळीत यावर वाद झाला होता आणि ट्रान्स स्त्रियांना दार उघडलं गेलं.

आता माझा खरा आग्रह. 8 मार्चला शाल-श्रीफळ देऊन, दहा मिनिटं भाषण करवून मोकळं होऊ नका. बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा, कारण मंगतीचे आणि बाजाराचे दिवस बुडाले तर त्या दिवसाची कमाई बुडते, आणि डेऱ्यात, म्हणजे त्या एकत्र राहतात त्या घरात, गुरूला हिशेब द्यावा लागतो. प्रवासखर्च इतर कार्यकर्त्यांना देता तसाच द्या. वर्षभरात एखाद्या समितीवर घ्या, आणि ती फक्त "तृतीयपंथी विषयाची" नको. रेशनची, दारूबंदीची, कुठलीही.

बैठकीत हा विषय घ्याल तेव्हा अर्जदार बाहेर आणि चर्चा आत असं करू नका, त्यांना बोलवा. बाकीच्यांकडून जी कागदपत्रं घेता तेवढीच घ्या. शस्त्रक्रिया झाली का, हे विचारण्याचा अधिकार कुणालाही नाही. कुणी विचारलंच, तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं.