जास्त गेम जिंकूनही हार कशी? महिला दुहेरीचा हिशेब

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: 2025 च्या मुंबई ओपन टेनिसच्या महिला दुहेरी फायनलमध्ये आपली प्रार्थना ठोंबरे आणि तिची डच जोडीदार अ‍ॅरियान हार्टोनो अमिना अनशबा-एलेना प्रिदान्किना या जोडीकडून 7-6, 2-6, 10-7 अशा हरल्या. तिसरा सेट कुठे गेला, हा अन्याय नाही का, पुढच्या वेळी प्रत्यक्ष बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं, आणि दुहेरीत जोडीदार सारखे का बदलतात?

आधी बेरीज करा. प्रार्थना-हार्टोनोचे 6 आणि 6 मिळून 12 गेम, विजेत्या जोडीचे 7 आणि 2 मिळून 9. तरी कप दुसरीकडे. डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीत सेट 1-1 झाले की तिसरा सेट खेळवतच नाहीत. त्याऐवजी सुपर टायब्रेक होतो: आधी 10 गुण करेल ती जोडी जिंकली, फक्त दोन गुणांचा फरक हवा. दीड तास घाम गाळायचा आणि निकाल पंधरा-वीस गुणांत, असा प्रकार.

दुसरा नियम टीव्हीवर पटकन लक्षात येत नाही, पण सामना खरा तोच फिरवतो. 40-40 झालं की अ‍ॅडव्हांटेज नाही, म्हणजे सलग दोन गुण घ्यायची अट नाही. पुढचा एकच गुण, तो जी जोडी घेईल तिचा गेम. आणि या गुणाला रिटर्न कोणी करायचा, हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. सर्व्ह करणारीला त्यात काही म्हणता येत नाही. या क्षणी दोघी जवळ येऊन तोंडावर चेंडू धरून कुजबुजतात ना, तेव्हा हेच ठरत असतं. एरवी सेटभर ड्यूस कोर्ट (रिटर्न करताना उजवी बाजू) एकीचं, अ‍ॅड कोर्ट (डावी बाजू) दुसरीचं; त्यात बदल नाही. बायकांच्या टेनिसमध्ये पुरुषांइतकी सर्व्हची दहशत नसते, रिटर्न भरपूर परत येतात, त्यामुळे 40-40 वारंवार होतं. एका सेटमध्ये असे तीन-चार गुण तुमच्या विरुद्ध गेले, तर खेळ बरोबरीचा असूनही स्कोअर 6-2 दिसतो. म्हणून दुहेरीत नुसत्या 6-2 वरून कोणी कोणाला धुतलं असं समजू नका.

हे आणलं कशासाठी? वेळापत्रकासाठी. सामना किती वेळ चालेल याचा अंदाज हवा, कोर्ट मोकळं व्हायला हवं, आणि एकेरी खेळणाऱ्यांनीही दुहेरीत नाव द्यावं असं आयोजकांना वाटत होतं. ग्रँड स्लॅमला मात्र महिला दुहेरीत अ‍ॅडव्हांटेजही असतो आणि पूर्ण तिसरा सेटही.

हा फरक किती मोठा आहे ते सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस यांच्याच दोन सामन्यांत दिसतं. मार्च 2015 मध्ये त्या एकत्र आल्या आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशा लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. 13 एप्रिलला सानिया दुहेरीत जगात पहिली. मग विम्बल्डनची फायनल, समोर रशियाच्या माकारोवा आणि वेस्निना. पहिला सेट 5-7 गेला, दुसरा टायब्रेकवर जिंकला. नेहमीच्या स्पर्धेत इथेच सुपर टायब्रेक सुरू झाला असता. विम्बल्डन होतं म्हणून तिसरा सेट झाला, त्यात त्या 2-5 ने मागे पडल्या, 5-5 वर आल्या, मग अंधार पडला म्हणून छप्पर बंद करून दिवे लावले, आणि पुढचे दोन्ही गेम घेऊन 7-5. असं परत उभं राहायला जागा लागते, ती पूर्ण सेटमध्येच मिळते.

दुसरा सामना फेब्रुवारी 2016, दोहा. तोवर या जोडीने सलग 41 सामने जिंकले होते. त्यात यूएस ओपन, सिंगापूरची डब्ल्यूटीए फायनल्स, ऑस्ट्रेलियन ओपन सगळं आलं. उपांत्यपूर्व फेरीत वेस्निना पुन्हा समोर, या वेळी जोडीला कासात्किना. सानिया-हिंगिसने पहिला सेट 6-2 घेतला, दुसरा 4-6 गेला, सुपर टायब्रेक 5-10. इथेही गेम मोजा: हरणाऱ्या जोडीचे 10, जिंकणारीचे 8. मुंबईत प्रार्थनाचं झालं तेच.

आता अन्याय म्हणायचा का? माझं मत स्पष्ट आहे. नुसती लॉटरी असती तर कोणी 41 सामने सलग जिंकलेच नसते. 40-40 चा एक गुण मला आवडतो, प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो. पण फायनलला तरी पूर्ण तिसरा सेट द्यायला हरकत नाही. त्या दिवशी त्या कोर्टाला कुठली घाई असते?

प्रत्यक्ष बघताना एक करा: चेंडूचा पाठलाग सोडा, नेटजवळ उभी असलेली बघा. आपल्या जोडीदाराच्या सर्व्हआधी ती पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते. कोणाची मूठ म्हणजे 'जागेवर थांबते', उघडा पंजा म्हणजे 'पलीकडे झेपावते'. प्रत्येक जोडीची खूण वेगळी असते, पण दोन-तीन गेममध्ये तुम्हाला कळायला लागते. कधी ती मधल्या रेषेवर जवळजवळ बसकणच मारते, म्हणजे रिटर्न करणारीला शेवटपर्यंत कळू नये की ही डावीकडे जाणार की उजवीकडे. ती खरोखर झेपावली तर व्हॉलीवर (टप्पा पडायच्या आत मारलेल्या फटक्यावर) गुण, चुकली तर ट्रॅमलाइनमधून, म्हणजे कोर्टाच्या कडेच्या पट्ट्यातून, चेंडू सरळ पार. आणि झेपावल्याचं नुसतं नाटक केलं तरी समोरची बिचकून रिटर्न नेटमध्ये मारते. तो गुण टीव्हीवर 'चूक' म्हणून दिसतो, पण कमावलेला असतो नेटवालीने. हे सगळं दिसायला बाजूची जागा उपयोगाची नाही, बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे बसा.

जोडीदार सारखे का बदलतात, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येकीची स्वतंत्र असते. स्पर्धेत प्रवेश दोघींच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो, त्यामुळे ज्या आठवड्यात जिच्याबरोबर बेरीज बसेल तिच्याबरोबर नाव द्यायचं. बार्शीच्या प्रार्थनाचंच बघा: 2014 च्या इंचॉन एशियाडला सानियाबरोबर ब्राँझ, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्येही सानियाबरोबर, तिथे चीनच्या जोडीकडून पहिल्याच फेरीत तिसऱ्या सेटमध्ये 5-7 ने हार. मुंबईत मात्र 2024 आणि 2025, दोन्ही वर्षं हार्टोनोबरोबर फायनल आणि दोन्ही वेळा उपविजेतेपद. दोन वर्षं एकाच जोडीने तिथवर पोचणं ही या पातळीवर साधी गोष्ट नाही.

मुंबई ओपन बघायला सीसीआयला (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) जाणार असाल तर त्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. दुहेरी पुष्कळदा एकेरीनंतर लावतात, आणि आधीचा सामना लांबला की तुमचाही लांबतो.