हँडब्रेक सोडला तरी ब्रेकचा लाल दिवा विझत नाही, गाडी चालवू का?

आधी हँडब्रेकची दांडी पूर्ण खाली दाबून बघा. अर्धा दात जरी अडकला तरी दिवा पेटतो. दांडीच्या बुडाशी छोटा स्विच असतो, त्याची वायर काढल्यावर दिवा विझला तर दोष तिथेच.

नाही विझला, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पातळी 'मिन'च्या खाली असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी उतरते, म्हणून आधी पॅड तपासा. पॅड ठीक असतील तर गळती शोधा: चाकांच्या आतल्या बाजूला ओल, पेडलजवळ चिकटपणा. ऑइल झाकणावर लिहिलेलंच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४.

आपल्या गोव्यात आणखी एक भानगड, खारी हवा. पातळी बरोबर असूनही माझ्या गाडीचा दिवा ऐन जुलैत आठवडाभर पेटलेला. डबीवरच्या पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा वायरचा कनेक्टर उपसला तर आतल्या पिना हिरव्यागार! कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दहा मिनिटांत काम झालं. मेकॅनिक मात्र मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) बदलायला निघाला होता.

पेडल मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल, तर म्हापशाच्या बाजारापर्यंतसुद्धा नेऊ नका, चोर्ला घाट तर दूरच. टोइंग बोलवा. लालसोबत पिवळा एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावावा लागेल, ते घरचं काम नाही.