उघडी गाडी घ्यायची तर आधी तिच्यातनं बाहेर पडून बघ

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, चार वर्षांपूर्वी बाईकवरनं पडून पाठीच्या कण्याच्या डी-१२ मणक्याला इजा, पाय गेले पण हात-खांदे दणकट, शिरोलीला स्वतःचं मशीन शॉप, आणि आता छोटी, ऑटोमॅटिक, छत उघडणारी स्पोर्ट्स कार पाहिजे, व्हीलचेअर घेऊन एकट्यानं फिरता आलं पाहिजे, बजेट ५० लाखाच्या आसपास, आणि घरचे म्हणतायत डोकं फिरलंय. घरच्यांचं मनावर घेऊ नकोस. दसऱ्याला आपल्या कोल्हापुरात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी निघते तेव्हा दसरा चौकात माना उंच करून बघणारे पण हेच असतात.

माझं थोडक्यात सांगतो म्हणजे कुठनं बोलतोय ते कळेल. २००३ ला रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागनं आदळलो, ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर, तेव्हापासनं डी-१० चा पॅराप्लेजिक, म्हणजे दोन्ही पाय गेलेले. आता १८ वर्षं झाली हँड कंट्रोलवर, म्हणजे ब्रेक-ॲक्सिलरेटर हातानं दाबून, चालवतोय, त्यातली शेवटची ४ उघड्या गाडीत.

तू इंजिन, पिकअप, टॉप स्पीड विचारलायस. ते सगळं बाजूला ठेव. आपल्यासाठी गाडी दोन गोष्टींवर ठरते, खुर्चीवरनं सीटवर आणि सीटवरनं परत खुर्चीवर कसं जाणार, आणि ती खुर्ची गाडीत कोण ठेवणार. बाकी इंजिनं सगळीच पळतात.

पहिल्यांदा मी पुण्याला एक सेकंड हँड दोन सीटर बघायला गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. लाल रंग, छत उघडं, बघूनच जीव गेला. खुर्ची दाराला लावली, हात टेकला, आणि घसरगुंडीवरनं गेल्यासारखा सर्रकन आत. लय भारी वाटलं. विकणारा पोरगा बायकोकडं बघून म्हणतोय 'सरांना आवडली का विचारा', म्हणजे सर बहिरे पण आहेत. अर्धा तास बटणं दाबत बसलो आणि मग बाहेर यायची वेळ आली. माझ्या खुर्चीची गादी जमिनीपासनं ५० सेंटीमीटरवर आणि त्या गाडीची सीट मी बसल्यावर दबून कुठं गेली देव जाणे. एक हात खुर्चीवर, एक सीटवर, जोर लावला, बूड अर्धं उठलं आणि दाराच्या उंबऱ्यावर अडकलं. परत जोर लावला, परत तेच. शेवटी दोन पोरांनी काखेत हात घालून पोत्यासारखा उचलला. गाडी तिथंच राहिली.

म्हणून सांगतो, बसून बघू नकोस, उतरून बघ. उतार सगळ्यांना जमतो, चढ जमला पाहिजे. आणि एकदा नाही, लागोपाठ चार वेळा उतर, कारण चौथ्या वेळचे खांदे म्हणजे दिवसभर काम करून संध्याकाळी घरी आल्यावरचे खांदे. आत्ता तुझे खांदे ३४ चे आहेत, ते ५५ पर्यंत पुरवायचेत. जाताना टेप घेऊन जा. तू बसल्यावर सीट किती खाली जाते ते मोज, उंबरा किती रुंद आहे ते मोज, आणि दार पूर्ण उघडल्यावर खुर्ची सीटला किती चिकटते ते बघ. दोन दारी गाडीचं दार लांब असतं, त्यामुळं खुर्ची छान आत घुसते, पण शेजारी कुणी गाडी लावली की दार अर्धंच उघडतं आणि आपण अडकलो. महाद्वार रोडवर तर विचारूच नकोस.

आता खुर्ची. तुझी घडीची असेल तर ती आधी बदल, गाडी नंतर घे. रिजिड, म्हणजे घडी न होणारी फ्रेम आणि बटण दाबून निघणारी चाकं पाहिजेत. मी काय करतो ते सांगतो. सीटवर बसलो की पाय आत घेतो, खुर्ची आडवी करतो, दोन्ही चाकं काढून मागच्या सीटवर टाकतो. मग फ्रेमची पाठ दुमडायची, छातीवरनं फिरवून शेजारच्या सीटवर नाहीतर मागं ठेवायची. छत उघडं असेल तर हे काम निम्मं सोपं होतं, कारण फ्रेम छताला अडकत नाही, वरनंच टाकायची. लोकांना वाटतं उघडी गाडी म्हणजे आपला शौक, पण खुर्ची चढवायला बंद गाडीपेक्षा हीच सोयीची, हे घरच्यांना सांग. फक्त पावसाळ्यात चाकांचा चिखल शर्टावर येतो, दाराच्या कप्प्यात जुना टॉवेल कायम ठेवायचा.

यावरनंच कळेल की दोन सीटर की चार सीटर. दोन सीटर घेतलीस तर खुर्ची शेजारच्या सीटवर बसणार आणि मग बायको कुठं बसणार? डिकीत ठेवायची तर डिकीपर्यंत कोण नेणार, तू तर आत बसलायस. बीएमडब्ल्यूच्या दोन सीटर झेड-४ ची डिकी २८१ लिटरची आहे, छत उघडलं तरी कमी होत नाही, चांगली आहे, पण ती दुसऱ्या माणसाच्या कामाची. जुन्या मर्सिडीज एसएलके सारख्या पत्र्याचं छत घडी होणाऱ्या गाडीत तर छत उघडलं की डिकीतली बरीच जागा तेच खातं.

माझं मत विचारशील तर मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी चार सीटर, सेकंड हँड, २०१६ नंतरची. मागच्या दोन सीटवर माणूस नीट बसत नाही पण खुर्ची झकास बसते, म्हणजे शेजारची सीट मोकळी. सीट दोन सीटरइतकी खाली नाही. छत १८ सेकंदात उघडतं, ३० च्या आतल्या स्पीडला चालू गाडीत पण उघडतं. आणि पूर्ण न उघडता नुसतं पुढचं सनरूफसारखं पण सरकतं, उन्हाळ्यात तेच जास्त वापरशील. डिकी नावाला आहे, छत बंद असताना २१५ लिटर आणि उघडं असताना १६०. सुरुवातीच्या गाड्यांना ६ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातनं ताकद पोचवणारा) गिअरबॉक्स, नंतरच्यांना ७ स्पीड ड्युअल क्लच (आत दोन क्लच असलेला).

गिअरबॉक्सबद्दल जरा थांबून बोलतो, कारण 'ऑटोमॅटिक' म्हटलं की झालं असं नसतं. हँड कंट्रोलला पाय नाही, मनगट काम करतं, त्यामुळं गाडीचा प्रत्येक झटका थेट खांद्यात येतो. टॉर्क कन्व्हर्टर हळू स्पीडला लोण्यासारखा सरकतो, दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक सैल सोडला की पुरे. ड्युअल क्लच पळताना मस्त, पण पन्हाळ्याच्या चढाला गर्दीत नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय लावू नकोस, आतले क्लच तापतात, ब्रेकवरच धर. मी स्वतः टॉर्क कन्व्हर्टरवाली घेतली.

बाकीच्या गाड्या पटकन. झेड-४ नवी, ३ लिटर, ३४० हॉर्सपॉवर, ८ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर, चालवायला सगळ्यात भारी, पण किंमत ९० लाखाच्या घरात होती आणि सीट खाली. एमजीची सायबरस्टर २०२५ ला आली, इलेक्ट्रिक, आली तेव्हा ७५ लाखाच्या आसपास होती. तुझ्या बजेटबाहेर आहे तरी बघून ये, कारण दारं बटणावर वर उघडतात, म्हणजे शेजारच्या गाडीची कटकट नाही, गिअरच नाही, आणि ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप हळू होते म्हणून ब्रेकला हात कमी लागतो. तसं छोटी नाही ती, जवळजवळ २ टन वजन. माझदा एमएक्स-५ चं तुझ्या डोक्यात बसलंय ते काढून टाक, ती भारतात कंपनीनं कधी विकलीच नाही. बाहेरनं जुनी आणायची तर तीन वर्षांच्या आतली, उजव्या स्टिअरिंगची, मुंबई बंदरातनंच, वर ड्युटी एवढी की त्यात दुसरी गाडी येईल. आणि अर्धी गल्ली सांगेल थार घे सॉफ्ट टॉपवाली. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलीमीटर, सीट तुझ्या छातीला येईल, रोज कोण शिडी लावणार?

हँड कंट्रोल. तुला पुश-पुल बरं, ढकललं की ब्रेक, ओढलं की ॲक्सिलरेटर, आणि एका हातानं फिरवायला स्टिअरिंगला नॉब. लिव्हर उजव्या हाताला घे आणि नॉब डाव्या, म्हणजे उजव्यानं ब्रेक धरून डाव्यानं गिअर टाकता येतो. एक भानगड आहे, युरोपियन गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडं असते, वळताना डावा हात नॉबवर अडकलेला. वळायच्या आधीच इंडिकेटर द्यायची सवय लाव, पंधरा दिवसात बसते. छताचं बटण पण चालू गाडीत दाबायच्या फंदात पडू नकोस. गाडी ३० ला परवानगी देते, पण तिसरा हात कुठनं आणणार? बाजूला घ्यायची, थांबायचं, छत लावायचं, तोपर्यंत भिजायचं.

उद्यमनगरात कुणीही तुला दोन दिवसात लिव्हर बनवून देईल, आपल्या गावात काय बनत नाही सांग. पण नको. स्टिअरिंग कॉलमला वेल्डिंग करू देऊ नकोस, आणि ज्या गाडीत गुडघ्याची एअरबॅग आहे तिथं दांडा आणि क्लॅम्प तिच्या वाटेत आला तर धडकेत तोच दांडा तुझ्यावर येणार. एआरएआयनं (पुण्याची गाड्या तपासणारी संस्था) तपासलेलं किट घे आणि बसवणाऱ्याला हे पहिल्यांदा विचार. मूळचे पेडल तसेच राहतात, त्यामुळं बायको पण चालवू शकते. पायाला झटके येत असतील तर पेडलच्या पुढं पत्र्याचं गार्ड लावून घे, माझा डावा पाय एकदा गगनबावड्याला जाताना ब्रेकखाली जाऊन बसला होता, तेव्हापासनं गार्डशिवाय गाडी हलवत नाही.

कागद आधी, किट नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी घ्यायची, बसवल्यावर गाडी दाखवायची, आरसीवर बदलाची नोंद करून घ्यायची, आणि मालकी प्रकारात दिव्यांगजन लिहून घ्यायचं. लायसन्सवर पण अडॅप्टेड वाहन यायला पाहिजे. आरसीवर नोंद झाली की इन्शुरन्सवाल्याला आयएमटी १२ (पॉलिसीला जोडायचं कलम) म्हणून सांग, दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियममध्ये ५० टक्के सूट आहे. एजंट स्वतःहून कधी सांगत नाहीत, माझी तीन वर्षं अशीच गेली. जीएसटीच्या सवलतीच्या मागं मात्र लागू नकोस. ती लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलं तरच होती. मिनी लांबीत बसते पण कूपर एस चं इंजिन २ लिटरचं, संपला विषय.

आता जे कुणी सांगणार नाही ते. छत उघडं ठेवून गाडी एप्रिलच्या उन्हात तासभर उभी केलीस तर काळी लेदर सीट तव्यासारखी तापते, आणि आपल्याला खाली काय कळतंय? माझ्या मांडीला बेल्टच्या बकलचा चटका बसलेला रात्री कपडे बदलताना दिसला, भरायला दीड महिना लागला. पार्क केली की छत बंद, आणि बसायच्या आधी हाताच्या पालथ्या बाजूनं सीट तपासायची. स्पोर्ट्स सीटच्या बाजूच्या उंचवट्यावर बूड घासतं ते पण बघ, चढता उतरता तिथली कातडी ओढली जाते. खुर्चीची गादी गाडीत वापरणार असशील तर ती घालूनच ट्रायल घे. हां, पण उघड्या गाडीत एक सुख आहे, लांबच्या प्रवासात थांबून दोन्ही हातांवर बूड उचलायचं असतं ना प्रेशर काढायला, तेव्हा डोकं छताला आपटत नाही.

मिनीचे टायर रनफ्लॅट असतात. पंक्चर झालं तरी कमी स्पीडनं पुढं जाता येतं, आणि आपण काय जॅक लावून चाक बदलणार नाही, त्यामुळं आपल्याला ते देवासारखे. पण कडक असतात, खड्ड्यात कंबरेत बसतात, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टला रस्त्यात खड्डे का खड्ड्यात रस्ता हे कळत नाही. साधे टायर घालून मऊ करायचा सल्ला मिळेल, ऐकू नकोस. आणि पावसाळ्याआधी छताच्या कडेच्या पाण्याच्या नळ्या साफ करून घे, पानं अडकून तुंबल्या की पाणी आत सीटखाली येतं. कापडी छत आहे, पत्र्याचं शेड तरी पाहिजेच.

माझी गाडी रविवारी सकाळी रंकाळ्याला असते, ये. तुझी खुर्ची आण, गादी आण, टेप आण, टॉवेल माझ्याकडं आहे. चार वेळा चढून उतरून बघ, मी शेजारी बसतो, काखेत हात घालणार नाही. मग मिसळ खाऊ.